आडनावानंतरचे प्रश्न

वसतिगृहातली पहिली रात्र. "आडनाव काय?" कांबळे म्हटलं की चौकशी तिथंच संपते. जाधव, पवार, गायकवाड यांनी मात्र भागत नाही. ती अनेक जातींत असतात. मग, "गाव?" गेवराई तालुक्यातलं. "घर कुठल्या गल्लीत? मारुतीच्या देवळापासून कुठल्या अंगाला?" विचारणारा हसतच विचारतो. बीडहून छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेलेल्या पोरांना ही उलटतपासणी पाठ असते.

●

दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या समितीनं २००७ साली असल्याच गोष्टी कागदावर आणल्या. तोंडी परीक्षेत जात काढणं, दलित-आदिवासी मुलं वसतिगृहाच्या वरच्या मजल्यांवर एकवटणं. अध्यक्ष होते सुखदेव थोरात, छत्रपती संभाजीनगरमध्ये बाबासाहेबांनी उभारलेल्या आपल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. मला हा योगायोग वाटत नाही.

●

मिलिंदचेच प्राचार्य म. ना. वानखेडे. अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांचे दाखले इथल्या मुलांपुढं ठेवू लागले. त्याच विषयावरचं जनार्दन वाघमाऱ्यांचं पुस्तक, 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती', १९७८चं. त्याच वर्षी २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. लांबचा अन्याय आपल्याला चटकन कळतो! नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडली.

●

दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला, कारखान्यावर. पोरगं कॉलेजात. शिष्यवृत्ती अडली तर सही कुणाची आणायची? वर कारकून पॅसेजमधून ओरडतो, "स्कॉलरशिपवाले, इकडं या!" वर्ग वळून बघतो. फीमाफी ईबीसीवाल्यांनाही, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास मुलांनाही असते. त्यांना असं कुणी पुकारत नाही.

●

डॉ. पायल तडवीची आत्महत्या, मुंबईच्या नायर रुग्णालयात, २२ मे २०१९. त्याच वर्षी तिची आई आबेदा आणि हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका, दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुख्य मागणी ही, की भेदभाव रोखण्याचे यूजीसीचे जे नियम २०१२पासून कागदावर होते ते विद्यापीठांनी पाळावेत.

●

बीडमध्ये पीएच.डी. करणाऱ्यांना एक विनंती. कादंबऱ्यांतल्या जाणिवांवर पुष्कळ प्रबंध झाले. कुणीतरी आपल्याच वसतिगृहातल्या खोल्यांवर काम करा. कोण कुणाबरोबर राहतं, खोली कुणी बदलून मागितली, कारण काय लिहिलं, याची नोंद करा. मुलांची नावं गुपित ठेवा. गाईड विषय बदला म्हणतील, बदलू नका.