वाऱ्याचा कुंचला

स्त्रीच्या मुखावरील रंगाकडे आपल्या घरांतून पाहण्याच्या दृष्टी दोनच. पहिली अशी कीं, तो कार्यापुरता असावा आणि असला तरी असल्याचें कळूं नये; दुसरी अशी कीं, तो नाटकवाल्यांचा व्यवहार, त्याच्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं. या दोहोंत न बसणारा एक तिसरा प्रकार गेलीं चार वर्षें आमच्याच घरांत नांदत आहे. त्याच्यावरून आमच्या माजघरांत जे वाद झाले ते इतर घरांतहि आज ना उद्यां व्हावयाचेच, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची पुतणी वास्तुकलेची पदवी घेऊन त्या विद्येपासून दूर झाली आणि आतां मुंबईस फॅशनच्या छायाचित्रांसाठीं माणसांचे चेहरे रंगविते. रंगविते म्हणजे उजळविते असें वाचकांनीं समजूं नये. ती ते निळे करिते, गंजल्या लोखंडासारखे करिते, कधीं कपाळापासून हनुवटीपर्यंत मावळतीचें आकाश उतरविते. आणि हें बहुतेक सर्व कुंचल्यानें नव्हे, तर वाऱ्यानें.

भाद्रपदापूर्वीं पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यांत ज्यांनीं पाऊल टाकलें असेल त्यांस हें साधन अगदींच अपरिचित नाहीं. मूर्तीच्या अंगाचा रंग आणि पीतांबराच्या चुण्यांतील गडद छटा तेथें कॉम्प्रेसरच्या हवेनें फवारतात. डोळ्यांची आखणी मात्र हातानेंच होते. पुतणीचा एअरब्रश त्याच कुळांतला, पण लेखणीएवढा. वर कांहीं थेंब मावतील एवढी रंगाची वाटी, आंत एक सुई आणि मागें रबरी नळीनें जोडलेला लहानसा कॉम्प्रेसर. ज्या छिद्रांतून रंग बाहेर पडतो तें अर्ध्या मिलिमीटरहूनहि बारीक असतें. बोटाखालची कळ दाबली कीं हवा सुटते, तीच मागें ओढली कीं रंग सुटतो, आणि वेगानें धांवणारी हवा त्या रंगाचें धुकें करिते. मोटारीच्या चाकांत चौरस इंचास तीस-बत्तीस पौंड दाबाची हवा भरतात. चेहऱ्यास पांच ते पंधरा पौंड पुरतो. गोष्ट एवढीच आहे, पण एका बोटानें हवा व रंग हे दोन घोडे एकदम हांकण्यास पुतणीला दीड वर्ष लागलें. त्या काळांत आमच्या घरांतील जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी म्हणून विकली गेली नाहीं. तीं सर्व ठिपके आणि रेघा काढण्यांत खपलीं.

गेल्या पावसाळ्यांत तिचें काम प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. तिच्यापुढें बसलेली मुलगी सांवळी होती, आणि छायाचित्रकाराला हवी होती समुद्रतळाची कल्पना. आदल्या दिवशींच मुलीच्या कोपराच्या आंतल्या बाजूस रंगाचा ठिपका लावून त्वचेला तो सोसतो कीं नाहीं हें पाहून ठेविलें होतें. डब्यावर ‘विषारी नाहीं’ असें छापलेलें असलें म्हणजे तो रंग त्वचेसाठीं झाला असें नव्हे, हें पुतणीचें पहिलें सूत्र. चमकणारे निऑन रंग तर ती डोळ्यांजवळ नेतच नाहीं. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें असल्या कोणत्याहि रंगास डोळ्यांभोंवतीं वापरण्याची अनुज्ञा दिलेली नाहीं. पाण्यांतले रंग वेगळे, सिलिकोनमधले वेगळे. दोन्ही एका वाटींत पडले तर फाटलेल्या दुधासारखी त्यांची गत होते आणि सुई तुंबते.

सांवळ्या त्वचेवर पातळ निळा रंग टाकला तर तो मरतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. त्याखालीं नुसता पांढरा द्यावा तर चेहरा राख फांसल्यासारखा दिसतो. म्हणून तिनें प्रथम फिकट पण दाट निळ्याचा एक विरळ थर दिला, आणि त्यावर हळूहळू गडद निळा चढविला. मात्र गालफडांखालीं, पापण्यांच्या कोपऱ्यांत आणि मानेच्या खळगींत तिनें रंग टाकलाच नाहीं. “येथें तिचा स्वतःचा रंगच माझी सर्वांत गडद छटा आहे, काका. तो मी कां झांकूं?” असें ती म्हणाली. दर वेळीं फवारण्यापूर्वीं ती मुलीच्या खांद्यास हलकेंच शिवे. त्या खुणेसरशी मुलीनें डोळे मिटावयाचे आणि श्वास रोखावयाचा. पुतणीच्या स्वतःच्या तोंडावर मुखपट्टी होती. दिवसांतून चार चेहरे रंगविणाऱ्यानें तेवढें धुकें फुप्फुसांत घेऊन कसें चालेल?

मग तिनें पिशवींतून आमच्या मातोश्रींनीं विणलेला क्रोशाचा रुमाल काढला, तो मुलीच्या गालावर ताणून धरला आणि त्याच्या भोकांतून चंदेरी रंग फवारला. रुमाल उचलला तों गालावर माशाच्या खवल्यांची जाळी! नंतर फ्लॅश उडवून एक फोटो घेण्यांत आला, कारण रंगांतील पांढरी भुकटी प्रखर उजेडांत एकाएकीं उसळून दिसते व तें आरशांत कळत नाहीं. कपाळावर तसें झालेलें दिसलें. तेवढा भाग पुसून पुन्हां केला. सकाळीं सातांस आरंभ केलेलें काम बारा वाजतां झालें. पुढें त्या रुमालाची दशा पाहून मातोश्री दोन दिवस बोलल्या नाहींत, आणि तो फोटो पाहिल्यावर मात्र येईल-जाईल त्यास “ही माझी वीण” म्हणून दाखवूं लागल्या.

या कलेचा परदेशांत केवढा बोलबाला होऊं शकतो याचें अलीकडचें एक उदाहरण आहे. २५ जानेवारी २०२४ रोजीं पॅरिस येथें, तिसऱ्या अलेक्झांडरच्या नांवें असलेल्या पुलाखालीं, जॉन गॅलियानो यांनीं मेझों मार्जिएला या पेढीसाठीं केलेलीं वस्त्रें दाखविण्यांत आलीं. पॅट मॅक्ग्रा या इंग्रज रंगभूषाकार बाईंनीं त्या वेळीं वस्त्रें नेसणाऱ्यांचे चेहरे चिनी मातीच्या बाहुल्यांसारखे कांचेच्या झिलईचे केले होते. हें कसें साधलें याविषयीं जगभर तर्क लढविले गेले. शेवटीं बाईंनीं आपण होऊन सांगितलें कीं, वाळल्यावर सोलून काढावयाचा बाजारांतला साधा मुखलेप शुद्ध पाण्यांत पातळ करावा, एअरब्रशनें त्याचे थरावर थर द्यावे, आणि ते केस वाळविण्याच्या यंत्रानें वाळवावे! आमच्या पुतणीनें तो प्रयोग तत्काळ स्वतःवर केला. सोलतांना एक भुंवई थोडी विरळ झाली, तो भाग निराळा.

या यंत्राचा जन्म मात्र चेहऱ्यांसाठीं झालेला नाहीं. पुढें वाफेच्या मोटारीमुळें प्रसिद्धीस आलेला अमेरिकेंतील फ्रान्सिस स्टॅन्ली यानें १८७६ सालीं रंग फवारण्याच्या अशा साधनाचें पेटंट घेतलें, तें छायाचित्रें रंगविण्याकरितां. त्यानंतर अॅब्नर पीलर आणि चार्ल्स बर्डिक यांनीं त्यांत सुधारणा केल्या, आणि फोटोंतले डाग, सुरकुत्या, नको असलेलीं माणसें नाहींशीं करण्याचें तें मोठें हत्यार होऊन बसलें. १९९० सालीं फोटोशॉप आलें, त्यांतहि या कामाच्या एका साधनास एअरब्रश हेंच नांव राहिलें. जाहिरातींत शरीराची आकृति बदललेली असेल तर तसें छापण्याची सक्ति फ्रान्सनें १ ऑक्टोबर २०१७ पासून केली, आणि नॉर्वेचा तशाच स्वरूपाचा कायदा १ जुलै २०२२ पासून अंमलांत आला. निळ्या चेहऱ्यावर कोणत्याहि देशानें असली चिठी लावावयास सांगितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आमच्या मधल्या खोलींत आमच्या आत्याबाईंचा १९६१ सालचा एक फोटो आहे. त्यांच्या तोंडावर देवीचे व्रण होते व वर्ण सांवळा होता. गांवच्या छायाचित्रकारानें कांचेवर पेन्सिल चालवून ते व्रण बुजविले आणि वर्ण चांगला दोन छटा वर नेला. स्थळ इंदूरचें, येण्याजाण्याचा खर्च नको म्हणून फोटोवरच पसंती झाली. अंतरपाट दूर झाल्यावर वरमाईनें विचारलें, “फोटोंतली मुलगी कोठें आहे?” लग्न मोडलें नाहीं. संसारहि झाला, मुलेंबाळें झालीं. परंतु तें वाक्य त्या घरांत चाळीस वर्षें, दर हळदीकुंकवाला आणि दर बारशाला, हंसत हंसत सांगितलें गेलें, आणि आत्याबाईहि हंसत.

या माघांत पुतणीच्या लग्नाचा विचार निघाला. तिच्या आईचें म्हणणें असें पडलें कीं, मुलगी एवढी हुशार, हातीं एवढी विद्या, तर तिनें आपलाच फोटो किंचित उजळवून द्यावा. आजकाल दूरध्वनीवरसुद्धां तें बोटानें होतें, त्यांत लपविण्यासारखें काय? पुतणीनें साफ नाकारलें. वहिनी चिडून म्हणाल्या, “दिवसभर लोकांची तोंडें रंगवितेस, मग एवढा सोवळेपणा कशाला?” ती म्हणाली, “आई, मी निळें केलेलें तोंड पाहून मुलगी निळीच आहे असें आजवर कोणी समजलेलें नाहीं.”

वादांत आमचा कौल पुतणीकडे होता, हें सांगावयास हरकत नाहीं. परंतु निकाल लागला तो मातोश्रींच्या मुखें. त्या इतका वेळ जपाची माळ ओढीत होत्या. आत्याबाई त्यांच्या सख्ख्या नणंद. लग्नांत करवली म्हणून उभ्या असलेल्या त्याच. त्यांनीं माळ कपाळीं लाविली आणि एवढेंच म्हणाल्या, “आहे तसा पाठवा.”

गच्चीवर, ढगाळ उजेडांत, हनुवटीवरच्या पुटकुळीसह काढलेला फोटो गेला. त्यास तीन आठवडे झाले; त्या स्थळाकडून अद्याप उत्तर नाहीं. वहिनी रोज टपाल व दूरध्वनी दोन्ही पाहतात. पुतणी सोमवारीं पुन्हां मुंबईस जाईल, या खेपेस म्हणे पिसांचें काम आहे. मातोश्रींनीं दुसरा रुमाल विणावयास घेतला आहे. भोकें जरा मोठीं ठेवावीं, अशी त्यांस सूचना झाली आहे.