बरोबरी पुरेशी होती

१४ एप्रिल २०२४, पुनरुत्थानकाळातील तिसरा रविवार. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात उत्थित प्रभू भेदरलेल्या शिष्यांना त्यांच्या मनातील शंकांबद्दल हटकतो. वाचन चालू असता आमचे चित्त मात्र, सांगावयास लाज वाटते, कोलकात्यास गेले होते. दुसऱ्या दिवशी रात्री सॉल्ट लेकच्या मैदानावर आमची मुंबई सिटी मोहन बागानशी खेळणार होती. इंडियन सुपर लीगच्या साखळीतला हा अखेरचा सामना. २१ सामन्यांत मुंबईचे ४७ गुण, बागानचे ४५. नुसती बरोबरी साधली तरी लीग शील्ड आमचीच.

मग चिंता कसली, असे कोणीही विचारील. आम्हांला धास्ती होती ती त्या 'नुसती' या शब्दाचीच. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी गोव्यात, बांबोळीला, शील्डचा निकाल याच दोन संघांच्या अखेरच्या सामन्यावर लागला होता. त्या वेळी बरोबरी कोलकातेकरांना पुरत होती. मुंबईस जिंकणे भाग होते, आणि मुंबई २-० अशी जिंकली. महामारीमुळे मैदानात प्रेक्षक नव्हते, ती उणीव आम्ही वसईत घरी बसून भरून काढली. ज्याला जिंकायचेच असते तो पुढे धावतो, ज्याला बरोबरी चालते तो घड्याळाकडे पाहतो. आता घड्याळाकडे पाहण्याची पाळी आमची होती.

आशेला आधार नव्हता असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अंधेरीला मुंबईने बागानला २-१ असे हरवले होते. लोकलने आम्ही मुद्दाम गेलो होतो. पंचांनी त्या सामन्यात सात लाल कार्डे दाखविली! त्यांतले एक गोव्याच्या लिस्टन कुलासोला.

या लिस्टननेच आमची पंचाईत केली. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी मुंबईच्या विजयाचा अर्ज आम्ही मनातल्या मनात पुढे सरकवला, तोच हा बागानचा खेळाडू डोळ्यांपुढे उभा राहिला. गोव्यातल्या एखाद्या चर्चमध्ये त्याच्यासाठीही कोणी गुडघे टेकले असतील. मग आम्ही अर्ज दुरुस्त केला : प्रभो, बरोबरी होऊ दे, कोणाचाच पराभव नको.

घरी आल्यावर ही उदारता सौभाग्यवतींच्या कानी घातली. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "आणि बरोबरी झाली तर शील्ड कोणाला?"

आम्ही उत्तर दिले नाही.

"देवाला काय गुणांचा तक्ता वाचता येत नाही होय?"

सोमवारी पहिला गोल लिस्टनने केला. दुसरा कमिंग्जचा. अगदी अखेरीस छांगटेने एक फेडला, पण तेवढ्याने भागले नाही. शील्ड ४८ गुणांनिशी बागानकडे गेली. ४ मे रोजी त्याच मैदानावर चषकाच्या अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले आणि मुंबई ३-१ अशी जिंकली. तेथे बरोबरीची सोय नव्हती.