कळा सुरू होण्याआधी

मोहगाव,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. सौ. पल्लवीस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, बाळंतपणाला पुण्यातच राहू की मोहगावला येऊ?" आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "ये गं, माहेरी ये." फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बत्तीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेल्या बाईनं इतकं सोपं उत्तर द्यायला नको होतं. फोनवर मधेच तुझी आई बोलायला लागते, तुझे बाबा फोन हातातून घेतात. म्हणून पत्रच लिहायला बसले.

आधी तुझ्या बाबांच्या जन्माचं सांगते. 1966 साल, मी नऊ वर्षांची. मागच्या खोलीचं दार पुरतं लागत नसे, त्या फटीतून मी पाहिलं. दाईनं वरच्या लाकडाला दोर बांधला होता. आई गुडघ्यांवर होती, दोन्ही हातांनी दोर धरलेला, आणि मागून मोठ्या काकूनं तिला काखेतून आधार दिला होता. दाई समोर बसून तिच्या मांड्यांना जवसाचं तेल चोळत होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "भेऊ नको वो माय, वेळ हाय अजून." आई ओरडत होती, पण एकटी नव्हती. पहाटे तुझे बाबा झाले.

त्याच खोलीत आठ वर्षांनी धाकटी काकू गेली. दाई तीच होती, दोरही तसाच बांधलेला. बाळ रडलं, वार पडली, सगळे हसले, आणि मग रक्त थांबेचना. गोधड्या भिजल्या. बंडी जुंपली, पण सौंसरच्या रस्त्यातच काकू गेली. आज बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, पिशवी आवळून येते आणि रक्त धरलं जातं. त्या रात्री ते एक इंजेक्शन आपल्या घरी नव्हतं. मी नर्स झाले ती काकूमुळे.

म्हणून घरी बाळंत व्हायचा विषय माझ्यापुरता संपलेला आहे. कोणी कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी, जिथे रक्त मिळायला तास-दोन तास लागतात तिथे नाही.

पण पल्लवी, नागपूरला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट मला खटकली होती आणि ती मी गिळून टाकली. बाई टेबलावर उताणी, पाय वर बांधलेले, आजूबाजूला आपलं माणूस कोणी नाही. आम्हाला ते सोयीचं होतं. मीही वर्षानुवर्षं बायकांना म्हणत आले, "झोप सरळ, हलू नको." माझ्या स्वतःच्या पहिल्या वेळी, दुसऱ्या एका दवाखान्यात, मीही तशीच पडून होते. आई बाहेर बाकावर बसलेली, मला तिचा खोकला ऐकू येत होता. खालून काप दिला तो का दिला हे कोणी सांगितलं नाही, आणि मी, नर्स असून, विचारलं नाही. ती गोष्ट अजून सलते.

पुढे 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणाबद्दल सूचना काढल्या. कळांच्या वेळी बाईला हवं तसं हिंडू-फिरू द्यावं, उभी, उकिडवी, गुडघ्यांवर, कुशीवर, जशी सोसेल तशी राहू द्यावी, तिच्या पसंतीचं माणूस शेजारी असावं, प्रत्येकीला सरसकट काप देऊ नये. वाचताना मला तो दोर आठवला. दाईला जे माहीत होतं ते आपण टाकून दिलं होतं. आणि तिच्याकडे जे नव्हतं, इंजेक्शन, रक्त, ऑपरेशन, ते दवाखान्यात आहे. तुला दोन्ही मिळायला हवं. पुण्यात राहिलीस तरी आणि इथे आलीस तरी.

पण न विचारता ते मिळत नाही. कळा सुरू झाल्या की बाई विचारू शकत नाही, ती फक्त ऐकते. म्हणून सगळं आत्ता विचारून ठेव. पुण्याच्या तुझ्या डॉक्टरबाईंना विचार: कळांच्या वेळी माझ्याजवळ कोणी थांबलं तर चालेल का? मला फिरता येईल का, पाणी पिता येईल का? काप सगळ्यांनाच देता का? सिझर करायचं ठरवता ते कशावरून? उत्तरापेक्षा त्यांचा चेहरा बघ. शांतपणे सांगतात की तुझा प्रश्न झटकून टाकतात, त्यावरून खूप कळतं. आणि विचारलंस म्हणजे उद्धटपणा केलास असं मनात आणू नको. तुझं अंग आहे, तुझं बाळ आहे.

सिझरबद्दल तू घाबरतेस ते मला आवाजावरून कळलं. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर सरकारी दवाखान्यांत शंभरात सुमारे 14 बायकांचं सिझर झालेलं दिसतं, खासगी दवाखान्यांत सुमारे 47 जणींचं. बाईचं अंग तर दोन्हीकडे सारखंच. हा आकडा लक्षात ठेव, पण त्याची भीती धरू नको. बाळ आडवं असेल, वार पिशवीच्या तोंडावर असेल, बाळाचे ठोके पडत असतील, तर सिझर म्हणजे जीव वाचवणं. तेव्हा "हो" म्हण आणि मनात कसलाही कमीपणा ठेवू नको. मला राग येतो तो मुहूर्त काढून केलेल्या सिझरचा. आईच्या पोटातले शेवटचे आठवडे बाळाच्या फुप्फुसांसाठी असतात. घाईनं आधी काढलेल्या बाळांना धाप लागलेली मी काचेच्या पेटीत पाहिली आहे. कोणी पत्रिका घेऊन आलं, तुझ्या सासरचं असो की आपल्या घरचं, तर माझं नाव सांग.

आता इथलं. इथे यायचंच असेल तर आठव्या महिन्याच्या आत ये, सगळे सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, माता-बाल कार्ड बरोबर आण. इथे त्याला जच्चा-बच्चा कार्ड म्हणतात. आल्याबरोबर आशाताईकडे नाव घालू. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे मी तुला स्वतः नेईन. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि लागलं तर सिझरही 2011 पासून मोफत आहे, त्याचे पैसे कोणी मागू नयेत.

पण आपण दोन राज्यांच्या सीमेवर राहतो. आपला पांढुर्णा आता जिल्हा झाला, तरी अडलेल्या बाईला सौंसरहून पुढे न्यायची वेळ आली तर दोन वाटा आहेत: सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला, नाहीतर दुसऱ्या राज्यात, नागपूरला. ऐन वेळी अंगणात उभं राहून हा वाद घालताना मी घरं पाहिली आहेत. एक म्हणतो छिंदवाडा, दुसरा म्हणतो नागपूरला आपली माणसं आहेत, आणि बाई खाटेवर. आपण हे आधीच ठरवू आणि कागदावर लिहून दाराला लावू: 108 लागली नाही तर कोणाची गाडी, चालवणार कोण, तुझ्या रक्तगटाची दोन माणसं कोण. तुझ्या बाबांना हे काम मी सांगितलं आहे. ते मनाला लावून करतील, बघ.

आणि तुझं हिमोग्लोबिन मला कळव. फोनवर "बरं आहे" म्हणालीस, मला आकडा हवा. 11 च्या खाली असेल तर गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला थोडं गेलेलंही सोसत नाही.

कळा खऱ्या की खोट्या हे तू सारखं विचारतेस. खोट्या कळा येतात-जातात, चाललं की, कूस बदलली की थांबतात. खऱ्या कमरेतून पुढे येतात आणि जवळ-जवळ येत जातात. पहिलटकरणीला वेळ लागतो, दहा-बारा तासही लागतात, तेव्हा पहिल्या कळेला धावत सुटायचं कारण नाही. पण पाणमोट फुटली, रक्त दिसलं, बाळ हलायचं कमी झालं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळा असोत-नसोत, त्याच क्षणी निघायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठव.

बाळ झालं की त्याला तुझ्या उघड्या छातीवर ठेवायला सांग, नाळ लगेच कापायची घाई करू नका असंही सांग, एक-दोन मिनिटं थांबलं की बाळाला जास्त रक्त मिळतं. पहिला चीक तासाभरात पाज. तुझी आजी असती तर तिनं चीक पिळून टाकायला लावला असता, तिच्या वेळी तसंच होतं. मध-गूळ चाटवायला कोणी बोट पुढे केलं तर ते मी धरीन. बाकी बाज, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पाचवी, सगळं तुझ्या आईच्या मनासारखं होऊ दे; फक्त शेगडीचा धूर कोंडायचा नाही, खिडकी उघडी राहील. आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा वेळा घरी येऊन बाळ बघून जाते. ह्या घरभेटींचं मूळ शेजारच्याच विदर्भात, गडचिरोलीला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथे गावातल्याच बायांना बाळाचा श्वास मोजायला शिकवला. ती आली की बाळ तिच्या हातात दे, "झोपलंय, नंतर या" म्हणू नको.

राहिली सोबतीची गोष्ट. 2016 पासून सरकारी दवाखान्यातही बाईजवळ घरची एक बाई राहू शकते, स्वतः बाळंतपण झालेली असली तर उत्तम, असं केंद्राचंच सांगणं आहे. इथे आलीस तर दवाखान्यात बोलून ठेवायचं काम माझं. पण आत कोण हवं ते तू ठरव. मी नर्स आहे म्हणून मलाच घ्यायला हवं असं नाही. तुला तुझी आईच हवी असेल तर निर्धास्त सांग. तिला पाठीमागून काखेत हात घालून आधार कसा द्यायचा ते मी आधी शिकवीन, मोठ्या काकूनं दिला होता तसा. मी बाहेर बसेन आणि मधून मधून खोकत राहीन, म्हणजे तुला कळेल मी तिथेच आहे.

आकडा कळव.

तुझी,
आत्या