आधी जिना उतरावा

रविवारच्या उपासनेत शेवटचं गीत संपतं, पेटीचा सूर विरत जातो आणि आशीर्वादाच्या आधी एक क्षण असा येतो की सगळी मंडळी श्वास धरून उभी असते. उंच खिडकीतून उतरलेला उन्हाचा पट्टा बाकांवर आडवा पडलेला असतो, कुणाच्या तरी वेणीतला मोगरा दरवळत असतो, आणि मनात वर्षानुवर्षांचा तोच प्रश्न उभा राहतो. प्रभू, माझ्याकडून तुला काय हवं आहे?

उत्तर येत नाही.

शब्बाथशाळेत ऐकलेली बाळ शमुवेलाची गोष्ट मनात फार खोल उतरलेली आहे. मंदिरात निजलेला मुलगा, अजून न विझलेला देवाचा दिवा आणि अंधारातून नावानं आलेली हाक. तशी हाक आपल्यालाही यावी, अशी आस लहानपणापासून लागून राहिली. पण हल्ली ती गोष्ट वाचताना नजर दुसरीकडेच अडते. तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा पोरगं अंथरूण सोडून धावलं ते म्हाताऱ्या याजक एलीकडे, ज्याची दृष्टी मंद होत चालली होती त्याच्याकडे. देवाची हाक आणि घरातल्या म्हाताऱ्याची हाक यांतला फरक त्याला कळला नाही. इतका साधा होता तो आवाज.

केडगावच्या बाजूचं कोरडं ऊन अंगावर आलं की पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये त्या वैद्यकी शिकायच्या मनसुब्यानं इंग्लंडला गेल्या आणि कानांनी कमी ऐकू येतं म्हणून ते दार मिटलं. त्याच वर्षी तिथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. विधवांना शिकवायचं, वाट ठरली. मग 1896 चा दुष्काळ आला आणि ठरलेली वाट रुंद होत होत माळरानभर पसरली. मध्य प्रांतातल्या भुकेल्या बायका-मुलींना शोधत त्या स्वतः गेल्या, शेकडो जणींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन वसलं. भूक त्यांच्या ओळखीची होती. कोवळ्या वयात, अशाच एका दुष्काळात, त्यांनी आई, वडील आणि थोरली बहीण गमावली होती. जे दुःख आपल्या अंगावरून गेलेलं असतं, त्याची चाहूल भिंतीआडूनही लागते.

कमी ऐकू येणाऱ्या बाईला ऐकू आलं.

आणि याच रमाबाई उतारवयात हिब्रू-ग्रीक ग्रंथ उघडून बायबलाचं मराठी करत बसल्या, अगदी अखेरच्या दिवसांपर्यंत. बाहेर चुलींचा धूर, विहिरीवरची वर्दळ, पोरींचा कलकलाट. आत एका ओळीपाशी थांबून राहिलेली थकलेली बोटं. धावणं ही सेवा, तसं थांबणंही. राबणारी मार्था आणि येशूच्या पायाशी ऐकत बसलेली मरीया एकाच घरात राहत होत्या, हे आपण विसरतो.

बाबांच्या आजारपणात इस्पितळाच्या बाकड्यावर काढलेल्या रात्री माझ्या अंगात अजून कुठंतरी जाग्या आहेत: फिनेलचा वास, कुरकुरणारा पंखा, आणि एका अनोळखी बाईनं काही न विचारता हातावर ठेवलेली चटणी-भाकर. तेव्हापासून पायाशी पिशवी घेऊन ताटकळणारी माणसं मला गर्दीतही आधी दिसतात. त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटतं. हे मला कुणी शिकवलं नाही, प्रवचनातून सांगितलं नाही. ती भाकर तेवढी पोटात राहिली आहे.

खालच्या मजल्यावरच्या काकू नेमक्या सकाळी, माझ्या मांडीवर बायबल उघडं असताना, जिन्यातून हाक मारतात. "अगं, ही गोळी सकाळची का रात्रीची, तेवढं बघून दे गं." त्यांच्या डोळ्यांपुढं धुकं आहे, अक्षरं पुसट झाली आहेत. स्तोत्र अर्ध्यावर राहतं. शमुवेलासारखं आपण आधी जिना उतरावा. हाक कुणाची होती, ते मागाहून कळेल.

गुरुवारी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. सकाळी सातला निघायचंय. रिक्षा सांगून ठेवली आहे.