कातडं आणि पाणी

कोरडं कातडं मढवता येत नाही. ते आधी पाण्यात मुरवावं लागतं. मऊ झालं की खोडाच्या तोंडावर ओढून बसवायचं, वाद्या आवळायच्या आणि सावलीत सुकू द्यायचं. सुकताना कातडं आखडतं, ताण धरतं, आणि त्या ताणातूनच बोल निघतो. एकदा सुकलं की मात्र पाण्याशी त्याचं कायमचं वैर. २०२१ च्या जुलैत सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या दुकानातल्या सगळ्या ढोलक्या, डफ, ढोल बुडाले. पूर ओसरल्यावर खोडं धुऊन वाळवली, पण पुड्या, म्हणजे तोंडावर मढवलेली कातडी, एकूण एक गेल्या. चिखलात बसून त्या कापून काढताना मनात आलं, की आपल्या गावात कातडं आणि पाणी यांचा हिशेब फार जुना आहे. हा पूर त्यातला सगळ्यात साधा.

माझं दुकान चवदार तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर. गेली तीस वर्षं मी वाद्यं मढवतो, आणि बोलावणं आलं तर ढोलकी वाजवतो.

ढोलकीला दोन तोंडं. एक शाईपुडीचं, उंच आणि खणखणीत. दुसरं धुम्याचं, घुमणारं. शाईपुडीवर लोहकीट आणि खळ यांचं मिश्रण थर थर देऊन बसवतात आणि प्रत्येक थर दगडानं घोटतात. घोटून घोटून त्या काळ्या टिकलीला बारीक भेगा पडतात, म्हणून ती कडक असूनही कातड्याबरोबर हलते. उघड्या कातड्यावर थाप मारली तर नुसता दणका ऐकू येतो. त्यातले उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. शाई ते जुळवून देते, आणि तालवाद्य सुरात लावता येतं. ही गोष्ट सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडली. मला शिकवणाऱ्या मुंबईच्या उस्तादांना रामन ठाऊक नव्हते. ते म्हणायचे, “शाई बोलायला लागेपर्यंत घोट.” दोघांचं म्हणणं एकच.

पण ज्या चर्मवाद्यानं आमच्या घराला ओळख दिली ते ढोलकी नव्हे. तो खालूबाजातला ढोल. सनई, ढोल, टिमकी आणि झांज असा हा ताफा. शिमग्यात पालखीपुढे, लग्नात वरातीपुढे खालूबाजा वाजला नाही तर कोकणात कार्य उभंच राहत नाही. आमच्या भागातल्या पुष्कळ गावांत तो वाजवायचं काम महारांकडे असे. काम म्हणजे हौस नव्हे आणि धंदाही नव्हे. गावकीनं ठरवून दिलेलं, बापाकडून मुलाकडे येणारं, नाही म्हणण्याची सोय नसलेलं काम. माझा आजा असाच वाजवायचा. पालखी देवळात शिरली की तो बाहेर थांबायचा. ढोलाचा आवाज थेट गाभाऱ्यात पोचायचा, वाजवणारा पायरीशी उभा. कातडं जनावराचं, ते सोलणाराही अस्पृश्य, वाजवणाराही अस्पृश्य. आणि त्यातून निघणारा नाद तेवढा पवित्र! हा हिशेब मला आजवर सुटलेला नाही.

हा हिशेब उघड्यावर आला तो आमच्याच गावात. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळानं १९२३ साली मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केलं, पण ते कागदावर. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद इथे भरली आणि दुसऱ्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर अफवा उठली, की ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, मनुस्मृती जळली, आणि तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडला.

हा इतिहास शाळेतल्या मुलालाही पाठ असतो. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्यातली दुसरी एक गोष्ट दिसते. मार्चच्या त्याच परिषदेत सवर्णांना सांगितलं गेलं, की मेलेली जनावरं तुमची तुम्ही पुरा. आपल्या माणसांना सांगितलं गेलं, की मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नका. म्हणजे एका हातानं पाणी घ्यायचं होतं आणि दुसऱ्या हातानं कातडं सोडायचं होतं. मेलेली जनावरं ओढण्याचं काम सुटलं की पाठोपाठ वाजवण्याचाही प्रश्न येणारच होता. बाबासाहेबांनी १९२८ साली महारवतनाविरुद्ध विधेयक आणलं. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ नंतर. पण कायद्याची वाट न पाहता कोकणात ठिकठिकाणी लोकांनी बाजा खाली ठेवला. आज्यानंही ठेवला. त्या वर्षीची पालखी मुकी निघाली असं आजी सांगायची. गावानं दाणा बंद केला, आजा मुंबईला गिरणीत गेला. ढोल मात्र फोडला नाही. माळ्यावर उपडा घालून ठेवला.

ढोल-ताशाचे अभ्यासक वाजवण्यावर भरभरून लिहितात. माझ्या मते आमच्या भागातलं तालवाद्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे ती शांतता. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात १७३९ साली गुलामांनी बंड केलं, तेव्हा मालकांनी पुढच्याच वर्षी कायदा करून त्यांना ढोल वाजवायची बंदी केली. तिथे वाजवणं हा बंडाचा हुंकार होता. इथे न वाजवणं हेच बंड ठरलं. दोन्हीकडे मुद्दा एकच: हात कोणाच्या हुकमानं हलायचा?

ते कळल्यावरच जलसे नीट समजतात. नाशिककडे भीमराव कर्डकांनी आणि ठिकठिकाणच्या मंडळ्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले, तेव्हा साज तमाशाचाच होता, ढोलकीही तीच. मात्र देवाचा गण आणि गवळण यांच्या जागी शाळा, पाणी, वतन हे विषय आले. पुढे वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले. जी थाप कालपर्यंत दुसऱ्याच्या देवाला वाट करून देत होती, ती आता आपल्या माणसाच्या शब्दाला ठेका देऊ लागली. तमिळनाडूत ‘परै’ वाद्याचं असंच झालं. त्या वाद्यावरूनच जातीला नाव पडलं आणि इंग्रजीत ‘परिया’ ही शिवी गेली. तिथेही अनेकांनी परै टाकली, आणि त्यांच्याच नातवंडांनी ती अभिमानानं पुन्हा गळ्यात घातली.

आमच्या घरात ते इतकं सहज झालं नाही. मी मढवायचं काम शिकायला निघालो तेव्हा वडील आठवडाभर बोलले नाहीत. मग एकच वाक्य बोलले: “आज्यानं टाकलेलं कातडं तू उचलून घरात आणतोस?” मला उत्तर सुचलं नाही. आजही तोंडी उत्तर नाही. मी फक्त दुकानात दर लिहिलेली पाटी लावली आहे. शाईपुडी बदलणं इतके, ढोल मढवणं इतके. आज्याच्या वाजवण्याला कधी दर नव्हता. पदरात पडेल ते घ्यायचं.

आता महाशिवरात्रीनंतर वीरेश्वराचा छबिना निघतो, सासनकाठ्या नाचतात आणि त्याआधी महिनाभर माझ्याकडे ढोलांची रांग लागते. पुण्या-मुंबईत गणपतीत कॉलेजातली मुलं-मुली हौसेनं ढोल कमरेला बांधतात; वर्गणी काढून सराव करतात. वाद्य तेच, पण त्यांना ते कधी नेमून दिलेलं नव्हतं. कित्येक ढोलांवर आता फायबरचं पान असतं. ते भिजत नाही, शेकावं लागत नाही, कोणाच्या विटाळाचा प्रश्न येत नाही. आवाजही मोठा. फक्त थापेगणिक रंग बदलत नाही.

वीस मार्चला तळ्यावर भीमगीतांच्या पार्ट्या येतात. आदल्या रात्री दहा-बारा ढोलक्या दुकानात जमतात, प्रत्येकीची पट्टी वेगळी. मी एकेक लावून देतो. गेल्या वर्षी पोलादपूरकडचा एक तरुण खालूबाजातला ढोल घेऊन आला. मढवून झाल्यावर मी विचारलं, “पालखीला नेणार काय?” तो म्हणाला, “सुपारी आली तर. यंदा त्यांचा दर पटला नाही, मी नाही सांगितलं.” आणि पैसे मोजून, ढोल खांद्याला लावून तो तळ्याकडे चालू लागला.

त्या रात्री घरी येऊन मी माळ्यावरचा ढोल खाली काढला. कातडं कधीच फाटलेलं होतं. नवं पान पाण्यात टाकलं.