सोंग आणि संत

संगीत हे परमेश्वराचे देणे होय, अशी पवित्र सभेची शिकवण आहे. परंतु त्या देण्यानेच देणाऱ्याचा उपहास होऊ लागला, तर आईबापांनी काय करावे? हा प्रश्न आज पुष्कळ घरांतून आमच्यापुढे येतो.

हैदराबादेतील जामबाग ही वस्ती मराठी माणसास परकी नाही. मराठी मंडळींनी उभारलेली ‘विवेकवर्धिनी’ ही जुनी शिक्षणसंस्था तेथेच आहे. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब नोकरीनिमित्त त्या वस्तीत राहते. आम्ही त्यांच्या भेटीस गेलो असता थोरल्या मुलाच्या खोलीत एक चित्र दिसले. पोप महोदयांसारखा झगा, तसाच शिरोमुकुट आणि खाली कवटीसारखा रंगविलेला चेहरा! वडील संतापून म्हणाले, “फादर, तुम्हीच सांगा याला. नाहीतर हे सारे मी आज कचऱ्यात टाकतो.” मुलगा हळूच म्हणाला, “फादर, आधी ऐका तरी.” आम्ही बसलो आणि ऐकले.

ते संगीत स्वीडनमधील ‘घोस्ट’ नामक हेवी मेटल वाद्यवृंदाचे होते. ‘ओपस एपोनिमस’ हा त्यांचा पहिला संग्रह ऑक्टोबर २०१० मध्ये निघाला. त्यात नऊ रचना असून अवधी सुमारे ३५ मिनिटांचा आहे. आरंभी चर्चमधल्यासारखे ऑर्गनचे सूर येतात, मग गिटार आणि ड्रम घुमू लागतात. गायकाचा आवाज कर्कश नाही, गोड आहे; शब्द मात्र सैतानाच्या स्तुतीचे. गायक स्वतःस ‘पापा एमेरिटस’ म्हणवीत असे, आणि बाकीचे वादक मुखवटे घालून अनामिक राहत. २०१७ साली जुन्या सोबत्यांनी पैशाच्या वाटणीवरून त्याला न्यायालयात खेचले, तेव्हा टोबियास फॉर्गे हे त्याचे खरे नाव जगजाहीर झाले. सैतानाच्या दरबारातही शेवटी हिशेबाची वही निघालीच!

हे वारे परदेशातच वाहते असेही नाही. खुद्द हैदराबादेत ‘गॉडलेस’, म्हणजे ‘देवहीन’, अशा नावाचा मेटल वाद्यवृंद उदयास आला; त्याचा पहिला पूर्ण संग्रह २०२१ साली निघाला.

आम्ही मुलाला विचारले, “यात तुला काय आवडते?” तो म्हणाला, “यात काहीतरी गंभीर चालले आहे असे वाटते. मिस्सेला मी मागे उभा असतो. तिथे मला कोणी काही करायला सांगत नाही.”

खोटे नाणे पाडणारा खऱ्या नाण्यावरूनच साचा घेतो. झगा, ऑर्गन, मुकुट हे सारे त्यांनी आपल्याच घरातून उचलले. ज्यात बळ नाही त्याची नक्कल कोण करील?

मग आम्ही त्याला त्याच मातीतील एक कथा सांगितली. हा वाद्यवृंद लिनशोपिंग शहरातला. त्याच प्रांतातील वाडस्टेना येथे संत बिर्गिटाचा मठ आहे. ही आठ लेकरांची आई. पतीच्या निधनानंतर ती रोमला गेली. त्या काळी पोप रोम सोडून फ्रान्समधील अव्हिन्यों येथे राहत. बिर्गिटाने त्यांना कठोर शब्दांत बजावले की, आपल्या जागी परत या. १३७३ साली ती रोममध्येच वारली. १३७७ साली पोप अकरावे ग्रेगरी रोमला परतले. तिनेही पोपांना बोल लावले. पण तोंड झाकून नव्हे, आणि प्रेमापोटी. म्हणून १३९१ साली पवित्र सभेने तिला संतपद दिले.

मुलगा बराच वेळ गप्प होता. ते चित्र त्याने पुढे उतरविले की नाही, हे आम्ही विचारले नाही. त्याच्या आईने मात्र पुढे कळविले की, गनफाउंड्रीच्या संत जोसेफ कॅथिड्रलमध्ये तो गायकवृंदास गिटारची साथ करू लागला आहे.

देवनिंदा हे पाप आहे, आणि ते मुलांना स्पष्ट सांगितलेच पाहिजे. परंतु आईबापहो, आधी त्यांच्याजवळ बसा आणि ते काय ऐकतात ते ऐका. मग त्यांच्या हाती देवाच्या घरचे एखादे खरे काम द्या. रिकाम्या हातांनाच सोंगाचा मुखवटा लवकर सापडतो.