रंग जुळविण्यापूर्वीं

रंग हा डोळ्यांनीं पाहावयाचा विषय आहे, आणि डोळे चांगले असले म्हणजे त्या बाबतींत दुसऱ्या कोणाची साक्ष काढण्याचें कारण नाहीं, अशी आपणां सर्वांचीच समजूत असते. परंतु साडीच्या दुकानांत गेलेल्या कोणत्याहि गृहिणीला ही समजूत किती कच्ची आहे हें पक्कें ठाऊक असतें. दुकानांतल्या दिव्याखालीं मोरपिशी दिसणारें लुगडें हातांत घेऊन ती उठते, दारापाशीं जाते आणि दिवसाच्या उजेडांत त्याचा पदर उलगडून पाहते. दुकानदारहि त्याबद्दल रागावत नाहीं. रंग ठरविण्यापूर्वीं उजेड ठरवावा लागतो, हें शास्त्र तिला कोणीं शिकविलेलें नसतें. पण तें तिला येत असतें.

संगणकाचा पडदा मात्र असा दारापाशीं नेऊन पाहतां येत नाहीं. त्याचा उजेड त्याच्या पोटांतच असतो. तो पिवळा आहे कीं निळा आहे, मंद आहे कीं भगभगीत आहे, याचा पत्ता आपल्याला लागत नाहीं. कारण थोडा वेळ त्याच्यासमोर बसलें कीं आपले डोळे त्याच्याशीं जुळवून घेतात आणि तो जें पांढरें म्हणून दाखवील तें पांढरें म्हणून मान्य करतात. ही डोळ्यांची खोड संसारांत फार उपयोगी आहे. तिच्यामुळेंच दुपारच्या उन्हांतला आणि रात्रीच्या दिव्याखालचा भात आपल्याला सारखाच पांढरा दिसतो. माझ्या मामंजींचा मोतीबिंदू काढला, तेव्हां चार दिवस त्यांना आपलें धोतर निळसर दिसत होतें. पिकलेल्या भिंगांतून वर्षानुवर्षें पाहिलेल्या पिवळटपणाला डोळ्यांनीं पांढरें मानलें होतें. पुढें नव्या भिंगाशींहि त्यांनीं जुळवून घेतलें. मात्र जो कोणाशींहि जुळवून घेतो, त्याला साक्षीदार म्हणून उभें करणें धोक्याचें असतें.

हें सगळें मनांत येण्याचें कारण घरांतलेंच आहे. मामंजींच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्तानें घरच्या जुन्या छायाचित्रांचें एक लहानसें पुस्तक छापावें, असें आम्हीं ठरविलें. सासूबाईंना जाऊन बरींच वर्षें झालीं. त्यांचें रंगीत असें चांगलें चित्र एकच, 1976 सालचें. त्या काळच्या कागदावरील रंगीत छायाचित्रांना एक दुखणें असतें. तीं अंधाऱ्या पेटींत जपून ठेवलीं तरी त्यांतल्या तीन रंगद्रव्यांपैकीं निळसर-हिरवें द्रव्य बहुधा आधीं विटतें आणि सगळें चित्र तांबूस होत जातें. आमच्या चित्राचेंहि तेंच झालें होतें. पुतण्यानें तें स्कॅनरवर उतरवून संगणकांत घेतलें, आणि घरांत वादाला तोंड फुटलें.

जाऊबाईंच्या लॅपटॉपवर सासूबाई पिवळट दिसत, भावजींच्या मोठ्या मॉनिटरवर निळसर, आणि पुतण्याच्या मोबाईलवर चक्क गोऱ्यापान! वन्सं तें पाहून म्हणाल्या, "ही कोणी दुसरीच बाई आहे." त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. सासूबाई सांवळ्या होत्या. चांगल्या ठसठशीत सांवळ्या. त्या रंगावरून पहिलीं चार स्थळें परत गेलीं, हें त्या स्वतःच पोळ्या लाटतां लाटतां हंसून आम्हां सुनांना सांगत. ज्या रंगाबद्दल त्यांनीं तरुणपणीं एवढें ऐकून घेतलें आणि पुढें जो त्यांनीं ताठ मानेनें मिरविला, तो त्यांच्या मागें पुसून टाकणें मला बरें वाटेना. छपाई करणाऱ्या गृहस्थांनीं तर "चेहरे उजळ करून देऊं, त्याचे वेगळे पैसे नाहींत," असें आपण होऊनच सांगितलें होतें.

पुतण्यानें एक रंगमापक आणलें. यंत्र दिसावयास अगदीं सामान्य, कुंकवाच्या करंड्याएवढें. तें पडद्यावर टेकवून लोंबत ठेवतात, मागच्या बाजूला वजन सोडतात, आणि संगणक एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवीत जातो. यंत्र ते मोजतें. त्याची दृष्टि तरी कोणाची? इंग्लंडांत राइट यांनीं दहा आणि गिल्ड यांनीं सात माणसांना रंग जुळवावयास लावून जीं मापें घेतलीं, त्यांवरून 1931 सालीं प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय मंडळानें एक प्रमाण-निरीक्षक ठरविला. अवघ्या सतरा माणसांच्या नजरेची ती सरासरी; पण ती कोणाच्या ओळखीची नाहीं, थकत नाहीं आणि भिडेला बळी पडत नाहीं.

यंत्र हातीं आल्यावर लगेच पडद्याला लावावें, असें मला वाटलें. परंतु पुतण्या म्हणाला, "काकू, थांबा. आधीं तयारी." पूजेपेक्षां पूजेची तयारीच मोठी, असें आमच्या सासूबाई म्हणत, त्याचा प्रत्यय त्या दिवशीं आला.

प्रथम पडदा मऊ, कोरड्या फडक्यानें पुसला. मग तो सुरू करून अर्धा तास तसाच ठेवला. कारण दिवा लागल्याबरोबर त्याचें तेज व रंग स्थिर नसतात. तंबोरा गवसणींतून काढल्याबरोबर कोणी लावावयास बसत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. या अवधींत पडदा आपोआप मिटूं नये म्हणून झोपेची आणि वीज वांचविण्याची व्यवस्था बंद केली. नंतर आली ती संगणकाच्या परोपकारी सेवकांची पाळी. संध्याकाळ झाली कीं डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळा करणारा एक. खोलींतला उजेड पाहून पडद्याचें तेज कमीअधिक करणारा दुसरा. चित्र गडद असलें कीं मागचा दिवा मंद करून काळा रंग अधिक काळा भासविणारा तिसरा. आणि सगळेच रंग भडक करून दाखविणारा चौथा. विंडोजमध्यें रात्रीच्या पिवळेपणाला 'नाइट लाइट' म्हणतात. ॲपलच्या यंत्रांत भोंवतालच्या उजेडाप्रमाणें पांढरा रंग बदलणारा 'ट्रू टोन' असतो. एरवीं ही मंडळी उपयोगाची. पण मोजमाप चालू असतां मध्येंच एखाद्यानें आपली सेवा रुजू केली, तर सगळें मोजमाप फुकट जाईल. म्हणून एकेकाला रजा दिली.

संगणक सुरू होतांच आपापल्या परीनें रंग दुरुस्त करणारे दोन कार्यक्रम पूर्वीं कोणीं घालून ठेवले होते, तेहि काढून टाकले. एका चुलीशीं दोन सुगरणी असल्या म्हणजे आमटींत मीठ दोनदां पडतें. पडद्याच्या स्वतःच्या कळा कारखान्यांतून आल्या तशा मूळपदावर नेल्या. मागच्या चित्राच्या जागीं साधा राखी रंग आणला. हें सर्व पाहून मामंजी आरामखुर्चींतून म्हणाले, "अरे, सगळेंच बंद केलेंत, मग त्यानें करायचें तरी काय?" पुतण्या म्हणाला, "आजोबा, त्याचा मूळचा स्वभाव काय, तें पाहायचें आहे."

मग खोलीकडे लक्ष गेलें. खिडकींतलें ऊन पडद्यावर येत होतें, तेव्हां खिडकीचा पडदा ओढला. जाऊबाई नारिंगी पातळ नेसून अगदीं समोर बसल्या होत्या, त्यांना बाजूला बसावयास सांगितलें. कारण वस्त्राचा रंगसुद्धां कांचेवर उमटतो. या धंद्यांतले लोक कामाच्या वेळीं राखी किंवा काळे कपडे पसंत करतात, हें ऐकून त्यांचा राग कांहींसा निवळला.

शेवटीं ध्येय ठरविणें उरलें. पांढरा कोणता मानावयाचा? संगणकाच्या चित्रांसाठीं 1996 सालीं सुचविलेल्या आणि 1999 सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण झालेल्या रंगपद्धतींत तो दिवसाच्या उजेडाशीं मिळता, सुमारें 6500 केल्व्हिनचा धरतात. आम्हींहि तोच धरला. तेज चौरस मीटरला 120 कँडेला ठेवलें. पूर्वीं तें याहून पुष्कळच जास्त होतें. आणि पडदा असा भगभगीत असला म्हणजे त्यावर ठीक वाटलेलें चित्र कागदावर काळवंडून येतें. पडद्याची चूक छापतांना उलटी होऊन बाहेर पडते. पडदा निळसर असेल, तर आपण चित्रांतला निळा कमी करूं, आणि कागदावर माणसें पिवळीं उमटतील.

एवढी तयारी होईपर्यंत दोन तास गेले. प्रत्यक्ष मोजणी पावणेदहा मिनिटांत आटोपली! यंत्रानें पडद्याचे दोष टिपून त्याची एक पत्रिका, म्हणजे प्रोफाइल, तयार केली. आतां संगणक तीच पाहून रंग दाखवील. नवा पडदा आम्हां सगळ्यांनाच प्रथम मळकट पिवळा वाटला. पंधरा मिनिटांनीं तोच पांढरा दिसूं लागला. डोळ्यांनीं पुन्हां एकदां जुळवून घेतलें होतें. पण या वेळीं तें योग्य पक्षाशीं.

त्यानंतरचें काम माणसांचें होतें. चित्रांतल्या सासूबाईंच्या लुगड्याचा एक तुकडा आमच्या घरच्या गोधडींत आहे, आंतल्या बाजूला राहिल्यामुळें विटलेला नाहीं. ती गोधडी खिडकीपाशीं दिवसाच्या उजेडांत नीट पाहावयाची, परत येऊन चित्रांतलें लुगडें त्या रंगावर आणावयाचें, आणि मागची चुन्याची भिंत पांढरी होते कीं नाहीं तें पाहावयाचें. लुगडें, भिंत आणि चेहरा एकाच कागदावर बरोबरच विटलीं होतीं. पहिलीं दोन जसजशीं ताळ्यावर आलीं, तसतसा तिसऱ्याचा तांबूसपणा ओसरला, आणि ओळखीचा सांवळा रंग वर आला. वन्सं कांहींच बोलल्या नाहींत. मामंजींनीं चष्मा काढला, पुसला, पुन्हां लावला आणि "लुगडें डाळिंबीच होतें," एवढेंच म्हणाले.

यंत्रानें सासूबाईंचा रंग सांगितला नाहीं. तें त्याला ठाऊक असणें शक्यच नव्हतें. त्यानें इतकेंच केलें कीं, आमचा वाद पडद्यांवरून सुटून चित्रावर आला, आणि मग ज्यांनीं त्यांना पाहिलें होतें त्यांच्या आठवणीला बोलावयास जागा मिळाली. पडद्याचा दिवा वापरानें बदलत जातो, म्हणून ही मोजणी महिन्या-दोन महिन्यांनीं पुन्हां करावी लागते. दिनदर्शिकेवर गॅस-सिलिंडरच्या तारखेशेजारीं तिचीहि तारीख आतां मीं लिहून ठेवली आहे.

पुस्तक परवां छपाईस गेलें. सोबतच्या चिठ्ठींत मीं एकच ओळ अधोरेखित केली आहे: चेहरे उजळ करूं नयेत.